माइकमध्ये कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर येते. पाण्याचा कूलर लावू का?

सोलापूरच्या एका वाचक भगिनी लिहितात: “मी घरीच पुस्तकांचे अभिवाचन रेकॉर्ड करते आणि त्याच खोलीत व्हिडिओ एडिटिंगही करते. रेकॉर्डिंगच्या वेळी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. तरी जुन्या कॉम्प्युटरची घरघर माइकमध्ये येतेच, म्हणून आता नवा असेम्बल करून घ्यायचा आहे. दुकानदाराने रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर थंड ठेवायला ३६० मिमीचा लिक्विड (पाण्याचा) कूलर आणि समोर काच असलेल्या कॅबिनेटात नऊ आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांचे पंखे, असे कोटेशन दिले आहे. तो म्हणतो, पाण्याचा कूलर लावला की आवाजच नाही. माझा दीर म्हणतो, लावायचेच तर पूर्ण कस्टम लूप, म्हणजे सुटे भाग जोडून केलेली पाण्याची यंत्रणा लाव. त्याच्या मित्राकडे जुने सामान स्वस्तात मिळते आहे. उन्हाळ्यात खोली ३८ अंशांपर्यंत तापते. काय करू?”

ताई, कोटेशन क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी हे ठरवा: तुम्हाला शांतता नेमकी कधी हवी आहे? वाचताना. आणि तुम्ही वाचत असता तेव्हा कॉम्प्युटर जवळजवळ रिकामाच असतो. एका माइकचा आवाज डिस्कवर उतरवून घेणे हे आजच्या प्रोसेसरच्या खिजगणतीतही नसते. ९९५०एक्स पूर्ण जोरात चालला की २०० वॉटपर्यंत वीज घेतो, ४०७० सुपर २२० वॉट. पण हे आकडे व्हिडिओ रेंडर होतानाचे, म्हणजे एडिटिंगनंतर अंतिम फाइल तयार होतानाचे. रेंडर चालू असताना माइक बंद असतो आणि तुम्ही शेजारच्या खोलीत चहा घेत बसलात तरी काही बिघडत नाही. तेव्हा तुम्हाला हवा आहे तो काम नसताना कानाला लागणारच नाही असा कॉम्प्युटर. या कसोटीवर पाण्याचा कूलर हवेच्या चांगल्या कूलरपुढे उणा पडतो. म्हणून माझे उत्तर सरळ आहे: हवेचा मोठा कूलर घ्या, आणि वाचलेले पैसे पंख्यांवर आणि कॅबिनेटवर खर्च करा.

उणा पडतो तो पंपामुळे. हवेच्या कूलरचा (धातूचे पत्रे आणि त्यांवर पंखा) पंखा काम नसताना मिनिटाला ४००-५०० फेऱ्यांवर आणता येतो आणि तेवढ्यावर तो हातभर अंतरावरूनही ऐकू येत नाही. पाण्याच्या कूलरमधला पंप मात्र थांबवता येत नाही. पाणी थांबले की उष्णता प्रोसेसरवरच साचते. अनेक तयार कूलरांचे पंप मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतात आणि त्यांची बारीक, एकसुरी किणकिण असते. खोलीत बोलणे-चालणे सुरू असताना ती जाणवत नाही. तुमच्यासारखी बंद, निःशब्द खोली असली की तीच तेवढी उरते. मग ती काढायला तुम्ही सॉफ्टवेअर लावता, आणि ते किणकिणीबरोबर तुमच्या ‘स’, ‘श’ मधली हवाही खाऊन टाकते. अभिवाचनाला हे परवडत नाही.

आणि पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते हमाली करते, प्रोसेसरवरचा भार उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेऊन ठेवते. तिथून तो भार खोलीत ढकलायला पुन्हा पंखेच लागतात. खोली ३८ अंशांवर असेल तर रेडिएटर, पाणी, तांबे यांतले काहीही त्याखाली उतरत नाही.

आता पंख्यांकडे येऊ, कारण खरी गोम इथे आहे. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, पण आवाज त्याहून कितीतरी वेगाने चढतो. फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हे दोन नियम एकत्र मांडून पाहा. १४०० फेऱ्यांवरचा एक पंखा जेवढी हवा देतो, तेवढीच हवा ७०० फेऱ्यांवरचे दोन पंखे देतात आणि आवाज १२ डेसिबलने कमी. कानाला १० डेसिबलचा फरक साधारण निम्मा वाटतो, म्हणजे हा फरक निम्म्याहूनही जास्त. शांत कॉम्प्युटरचे सगळे शास्त्र एवढ्यावर उभे आहे: पंखे मोठे, फेऱ्या कमी. १४० मिमीच्या पंख्याचे क्षेत्रफळ १२० मिमीच्या पंख्यापेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त असते, म्हणून कॅबिनेटात बसत असेल तिथे १४०च घ्या.

मात्र खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्यावर पंखा निवडू नका. तो आकडा एका पंख्याचा असतो, समोर-मागे कसलाही अडथळा नसताना घेतलेला, आणि दोन कंपन्यांची मोजायची पद्धत एक असेलच असे नाही. तुमच्या घरात तोच पंखा जाळीमागे, धुळीच्या फिल्टरमागे, तारांच्या गुंत्याशेजारी फिरणार असतो. पंख्याच्या तोंडाशी, म्हणजे तो हवा ओढतो त्या बाजूला, अडथळा जवळ आला की आवाज चढतो. जाळी आणि पंखा यांच्यात बोटभर जागा सोडता आली तरी फरक कळतो.

नावे विचाराल तर ऑस्ट्रियाच्या नॉक्चुआ कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ हा माझ्या मते १२० मिमीतला सर्वांत निर्धास्त पर्याय. पाती आणि चौकट यांच्यात त्यांनी जेमतेम अर्धा मिलिमीटर फट ठेवली आहे. त्यामुळे हवा मागे गळत नाही, आणि हाच पंखा मोकळ्या जागी जसा चालतो तसाच रेडिएटरवर किंवा कूलरच्या पत्र्यांवरही चालतो. आवाजात शिट्टी नाही, नुसता हवेचा सूर असतो, आणि वॉरंटी सहा वर्षांची. रंग तपकिरी-बदामी, किंमत झोंबणारी. म्हणून सगळीकडे हाच लावायचा हट्ट धरू नका. कूलरवर आणि तुमच्या कानाच्या सर्वांत जवळ असेल त्या जागी लावा. बाकी ठिकाणी आर्क्टिकचे पी१२ किंवा पी१४ चालतात. त्यांचा दाब चांगला आणि किंमत पुष्कळ कमी. फक्त काही ठरावीक फेऱ्यांवर ते गुणगुणतात. हाताने फेऱ्या हळूहळू वाढवत न्या, सूर कुठे लागतो ते कान देऊन ऐका आणि पंख्याला तेवढा टप्पा वगळायला लावा.

सूर हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. हवेचा सपाट ‘हूऽऽ’ माइकवर आला तरी तो सांभाळून घेता येतो. एक ठरावीक स्वर आला तर सांभाळता येत नाही, आणि चढता-उतरता आवाज तर सर्वांत वाईट. तुम्ही वाचताय, वाक्याच्या मधेच पंखा वर चढतो आणि पुढच्या स्वल्पविरामाला उतरतो. ही जागा जोडताना कुठेही कापली तरी सांधा ऐकू येतो. आणखी एक चमत्कारिक प्रकार आहे: शेजारी-शेजारी बसवलेले दोन सारखे पंखे, एक ९०० वर आणि एक ९१० वर फिरत असेल, तर दोघांचे सूर एकमेकांवर आपटून ‘वंऽव वंऽव’ असे हेलकावे येतात. तबला-तानपुरा लावणाऱ्यांना हे लगेच ओळखू येईल. उपाय सोपा आहे, दोन्ही पंख्यांच्या फेऱ्यांत ठळक अंतर ठेवा.

बेअरिंगही बघून घ्या. स्वस्त पंख्यांत स्लीव्ह बेअरिंग असते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यातले वंगण लवकर वाळते; मग पहिल्या-दुसऱ्या वर्षातच करकर सुरू होते. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग असलेला पंखा घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला पंख्याची थरथर पोचू नये म्हणून स्क्रूऐवजी रबरी खुंट्या मिळतात, त्या लावा. पंखा चार पिनांचा, म्हणजे पीडब्ल्यूएमचा (मदरबोर्डच्या इशाऱ्यावर वेग बदलणारा) हवा. तीन पिनांचा घेतलाच, तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यात) त्या जोडणीचा मोड डीसी करावा लागतो, नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने पळत राहतो. “नवा पंखा फार आवाज करतो” या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच कारण असते.

दुकानदाराच्या त्या काचेच्या कॅबिनेटला मात्र माझा ठाम नकार. समोर काच आली की हवा बाजूच्या फटींतून ओढावी लागते आणि आतले नऊच्या नऊ पंखे दम लागल्यासारखे पळतात. आरजीबी पंख्यांची पाती दिव्यांसाठी बनवलेली असतात, हवेसाठी कमी. पुढचा भाग पूर्ण जाळीचा असलेले कॅबिनेट मागा. फ्रॅक्टल डिझाइनच्या टॉरेंटमध्ये पुढे १८० मिमीचे दोन पंखे येतात, लिआन ली लॅनकूल २१६ मध्ये १६० मिमीचे दोन. एवढे मोठे पंखे अगदी संथ चालवूनही भरपूर हवा देतात. सोलापुरात नसतील तर पुण्या-मुंबईहून मागवता येतात; मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात कुणी जाणार असेल तर त्याच्याकडे कूलरची उंची लिहून द्या. पुढून दोन आणि मागून एक, एवढे पंखे तुम्हाला पुरेत. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त राहिली की धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडते. फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. ब्लोअरने पंखे साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने ती भरधाव फिरली तर बेअरिंग जाते.

कूलरमध्ये दोन पर्याय देतो. पैसे असतील तर नॉक्चुआचा एनएच-डी१५ जी२, उंची १६८ मिमी. बेताचे असतील तर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई, उंची १५५ मिमी. हा दुसरा कूलर किमतीच्या मानाने इतके थंड ठेवतो की अनेक महागडे कूलर त्याच्यापुढे लाजतात. त्याचे पंखे पुढे कधी मन मानेना तर बदलता येतात, पत्रे आणि नळ्या तशाच राहतात. कॅबिनेटच्या माहितीपत्रात कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी पडताळा.

प्रोसेसरबद्दलही थोडे बोलतो. सर्वांत शांत पंखा तोच, ज्याला फिरावेच लागत नाही. म्हणून उष्णता मुळातच कमी करणे हे पंख्याइतकेच मोलाचे. ९९५०एक्सला बायोसमध्ये इको मोड असतो. १०५ वॉटचा इको मोड निवडला की तो २०० ऐवजी १४२ वॉटवर थांबतो. उष्णता चौथ्या हिश्श्याहून जास्त घटते, कामाचा वेग मात्र त्या मानाने खूपच कमी घटतो. तुमचे व्हिडिओ लहान असतील तर रायझन ७ ९७००एक्सचा विचार करा. तो पूर्ण जोरातही ८८ वॉटवर राहतो, म्हणजे ३८ अंशांच्या खोलीतही कूलरला फारसा घाम फुटत नाही.

आता पंख्यांचा वेग कसा बांधायचा ते सांगतो, कारण निम्मी शांतता इथेच मिळते आणि त्याला पैसे पडत नाहीत. रायझन रिकामा असतानाही क्षणभर उसळी घेतो. तापमान एका सेकंदात दहा अंश चढते आणि उतरते. बायोस त्या प्रत्येक उसळीमागे पंखा पळवत असेल तर सतत श्वास टाकल्यासारखा आवाज येतो. म्हणून वेग वाढण्याआधी आणि उतरण्याआधी काही सेकंद थांबायची सूचना बायोसमध्ये असते, ती चालू करा. ६५ अंशांपर्यंत पंखे एकाच सपाट वेगावर, ५०० च्या आसपास, ठेवा आणि त्यापुढे हळूहळू चढवा. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालेल असाच घडवलेला आहे, तेव्हा रेंडर करताना ८०-८५ दिसले तर घाबरू नका. विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात रेकॉर्डिंगसाठी एक आणि रेंडरसाठी एक, अशा दोन वेगळ्या मांडण्या करून ठेवा. आणि ही जुळवाजुळव एप्रिल-मेच्या दुपारी करा. डिसेंबरात लावलेले आकडे मे महिन्यात कोलमडतात.

ग्राफिक्स कार्ड घेताना त्याचे पंखे काम नसताना पूर्ण थांबतात ना, हे विचारून घ्या. पॉवर सप्लायचेही तेच. ७२०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क नव्या कॅबिनेटात मुळीच बसवू नका. ती सेकंदाला १२० वेळा फिरते आणि तो १२० हर्ट्झचा घुमारा टेबलातून चढून थेट माइकच्या स्टँडला लागतो. आत एसएसडीच, आणि साठा बाहेरच्या डिस्कवर. रेकॉर्डिंगच्या वेळी ती काढून ठेवायची.

माइक कार्डिऑइड (समोरचे जास्त ऐकणारा) असेल तर त्याला पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येते. म्हणून कॉम्प्युटर टेबलावर नको. माइकच्या पाठीमागच्या बाजूला, जमिनीवर, केबल पुरेल तितका दूर ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींमुळे इतका उतरत नाही, तरी उतरतो नक्की. आणि तोंड माइकपासून वीतभर अंतरावर. नवे सामान येण्याआधी हे जुन्या कॉम्प्युटरवरच करून बघा.

मग पाणी कुणी लावावे? ज्यांचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तासन्‌तास पूर्ण जोरात चालतात आणि ते शेजारी बसूनच काम करतात, त्यांनी. विशेषतः ग्राफिक्स कार्डावर पाण्याचा फायदा मोठा आहे, कारण त्याचे छोटे पंखे भाराखाली सर्वांत जास्त ओरडतात. पण कार्ड उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. तयार एआयओ (कारखान्यातच पाणी भरून बंद केलेला कूलर) घेणाऱ्यांनी एवढे पाळावे: रेडिएटर छतावर लावावा, किंवा पुढे लावलाच तर त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच राहील असा. हवेचे बुडबुडे नेहमी सर्वांत उंच जागी जमतात. ती जागा पंपाची असली की खुळखुळ सुरू होते. नळ्यांमधून वर्षानुवर्षे थोडे-थोडे पाणी उडतच असते, म्हणून हा कूलर जन्मभराचा नव्हे.

आता दिराच्या मित्राचे सामान. कस्टम लूप शांत होऊ शकतो, पण तो रेडिएटरच्या जोरावर. जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे: रेडिएटरच्या १२० मिमीच्या एका खणामागे, म्हणजे एका पंख्याच्या जागेमागे, १०० वॉट. तुमच्या कोटेशनमधल्या ४२० वॉटला पाच खण, म्हणजे ३६० आणि २४० असे दोन रेडिएटर झाले, आणि शांतता हवी असेल तर आणखी एखादा. पंप जोरात चालवायची मात्र गरज नसते. मिनिटाला १ लिटर पाणी वाहत असेल आणि त्यात ३०० वॉट मिसळत असतील तर एका फेरीत पाणी फक्त ४.३ अंशांनी तापते. ४ लिटर वाहवले तर १.१ अंशाने. म्हणून डी५ जातीचा पंप, जो १८०० पासून ४८०० फेऱ्यांपर्यंत चालतो, तो खालच्याच टप्प्यात, स्पंजाच्या गादीवर ठेवून चालवतात. पंख्यांचा वेगही प्रोसेसरच्या तापमानाला न बांधता पाण्याच्या तापमानाला बांधतात. पाणी हळू तापते, त्यामुळे पंखेही दचकत नाहीत.

हे सगळे तुम्हाला हौसेने करायचे असेल तर जरूर करा. रेकॉर्डिंगसाठी म्हणून करू नका. आणि ते सामान बघायला गेलात तर तीन गोष्टी तपासा. रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे की अॅल्युमिनियमचा? जुन्या एआयओचा रेडिएटर बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. तो तांब्याच्या ब्लॉकबरोबर (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा) एकाच पाण्यात आला की धातू खाल्ला जातो, तेव्हा तो स्वस्तातही नको. ब्लॉक उघडून बघा: बारीक खाचांत हिरवट किंवा पांढरा गाळ असेल तर आधी तो खरवडावा लागेल. नळ्या आणि रबरी रिंगा जुन्या वापरूच नका. कडक नळ्यांचा आग्रह असेल तर पीईटीजी (एक प्रकारचे प्लास्टिक) टाळा, कारण पाणी ६० अंशांकडे जाऊ लागले की ती नरम पडते आणि तुमच्याकडे खोलीच ३८ पासून सुरू होते. अॅक्रिलिक किंवा सरळ जाड, मऊ काळी रबरी नळी बरी. पाणी नळाचे, बोअरचे किंवा आरओचेही चालत नाही, क्षार राहतातच. डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारे द्रावण घाला, किंवा तयार कूलंट घ्या. साधारण वर्षाने बदला.

पंप मात्र तिथेच, त्याच्या घरी, पाण्यात चालवून दाखवायला सांगा. कोरडा चालवायचा नाही, त्याने बेअरिंग जाते. सर्वांत कमी वेगावर ठेवा, खोलीतला पंखा बंद करायला सांगा आणि फोनवर मिनिटभर रेकॉर्ड करून घरी हेडफोनने ऐका. त्यात पंप कळला तर सौदा राहू द्या.